बिनदातांचा सूर

संस्थानं विलीन झाली तेव्हा राजांचं काय गेलं आणि काय राहिलं याची चर्चा मोठ्या लोकांनी केली. मला मिळाली सकाळची झोप. त्याआधी सगळी उमर मी झुंजुमुंजू व्हायच्या आत उठून देवासच्या धाकट्या पातीच्या राजवाड्याच्या दरवाज्यावर चढत होतो आणि वरच्या नगारखान्यात बसून सनई वाजवत होतो. ऐकायला खाली एक पहारेकरी असे, तोही जांभया देत. एकदा खाली उतरल्यावर मी त्याला विचारलं, आज कसं काय झालं? तो म्हणाला, "आवाज आला. म्हणजे झालंच की." माझ्या कलेचं झालेलं ते एकमेव परीक्षण.

परगावच्या माणसाला देवास आधी समजावून सांगावं लागतं. एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. भावाभावांत वाटणी झाली ती अशी की मधल्या रस्त्याची ही कड आमची आणि ती कड त्यांची. चोराला पळून जायचं असलं तर घोडा लागत नसे, फक्त रस्ता ओलांडला की पुरे. दोन राजे, दोन दरबार, दोन दरवाजे, म्हणून सनईवालेही दोन. पहाटे आमच्या दरवाज्यावर मी वाजवी आणि त्याच वेळी त्यांच्या दरवाज्यावर तो. मधे गाव झोपलेलं. आम्हा दोघांना नीट ऐकणारे गावात दोघंच होते, ते म्हणजे आम्ही दोघं, आणि आम्ही ऐकायचो ते फक्त चुका काढायला.

हा थोरल्या पातीचा सनईवाला वयाने माझ्याहून लहान. पण पाती त्याची थोरली. तेव्हा दसऱ्याला सोनं देताना कुणी कुणाच्या पाया पडायचं, हा प्रश्न आमच्या तरुणपणी एकदा निघाला. तो काही सुटेना, म्हणून आम्ही बोलणंच बंद केलं. भांडण असं काही झालं नाही. भांडायला बोलावं तरी लागतं.

विलीनीकरण झालं, आमच्या नगारखान्यात पारव्यांनी बिऱ्हाड केलं, आणि मी संध्याकाळी फिरायला जाऊ लागलो. रिकाम्या माणसाने फिरायला जावंच, नाहीतर घरची मंडळी त्याला गहू निवडायला बसवतात. घरातून निघायचं, बाजार ओलांडायचा, देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी एका मालवी माणसाचं चहाचं दुकान होतं तिथे टेकायचं, चहा प्यायचा, शेव खायची आणि परत. थोरल्या पातीचा तोही फिरायला येई. पण तो रस्त्याच्या त्याच्या कडेने आणि मी माझ्या. राज्यं गेली, हद्द गेली, नाक्यावरचा खांबसुद्धा कुणीतरी जळणाला नेला, तरी आम्ही दोघं आपापल्या राज्यातच चालत होतो. दुकानात बाकडी दोन होती, हे त्या दुकानदाराचं नशीब.

बोलायचं झालं तर आम्ही दुकानदारामार्फत बोलायचो.

"त्यांना सांग," तो म्हणायचा, "कालच्या लग्नात वाजवलेला भूप फार पातळ होता."

"दादा, वो कै रिये हैं के आपका कल का भूप पतला था."

"त्यांना सांग, ह्या चहापेक्षा घट्टच होता."

"भिया, मेरी चाय को बीच में मत लाओ," दुकानदार म्हणायचा आणि दोघांच्या कपात थोडा थोडा चहा जास्त ओतायचा. एकंदर बरं चाललं होतं.

मग माझे दात गेले. पुढचे. एक भुईमुगाच्या दाण्याने गेला, एक आपण होऊन गेला आणि उरलेले त्या दोघांच्या दुःखाने गेले. माणसाचे दात गेले तर तो वरणभात खातो आणि जगतो. सनईवाल्याचं तसं नाही. सनईच्या तोंडाशी एक इवलीशी पत्ती असते, पानाची, चपटी. ती ओठांत धरून, कमी-जास्त दाबून स्वर काढायचे. ओठांना मागून दातांची भिंत लागते. भिंत पडली की ओठ आत जातात, पत्ती घसरते आणि स्वराऐवजी फुर्र असा आवाज येतो. मी घराची दारं लावून वाजवून पाहिलं. आमच्या मंडळींनी आतून विचारलं, "अहो, बैल आलाय का दारात?"

मी ही गोष्ट गावात कुणाला कळू दिली नाही. उपरणं तोंडाशी धरायला लागलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला सोवळ्याचं वेड लागलं.

नेमकं त्याच दिवसांत तहसीलदारसाहेबांनी आम्हा दोघांना कचेरीत बोलावलं. साहेब ग्वाल्हेरकडचे, माणूस चांगला, पण सतत घाईत. दसऱ्याच्या सकाळी टेकडीवर दोन्ही देव्यांपुढे सनई वाजायची. वर थोरली माता आणि धाकटी माता, दोघी बहिणी, आणि म्हणे एकमेकींवर रुसून पाठ फिरवून बसलेल्या. म्हणजे गावावर संस्कार कुणाचे झाले ते समजलं असेल. थोरलीपुढे त्याची सनई वाजे, धाकटीपुढे माझी. साहेब म्हणाले, "देखिए, अब दो रियासतें तो रहीं नहीं, तो दो शहनाइयाँ कैसे रहेंगी? एक ही बजेगी, दोनों माताओं के लिए. कौन बजाएगा, आपस में तय कर लीजिए और अष्टमी तक बता दीजिए. नहीं तो हम लाउडस्पीकर लगवा देंगे. अच्छे रिकार्ड मिलते हैं आजकल."

"मी वाजवीन," आम्ही दोघं एकदम म्हणालो. तरुणपणापासून आम्ही एकत्र म्हटलेलं ते पहिलं वाक्य. माझं उपरण्यातून आलं, एवढाच फरक.

इथे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. मला त्या मानाची हाव होती. धाकट्या मातेपुढे माझ्या वडिलांनी वाजवलं, त्यांच्या वडिलांनी वाजवलं. मुलगा माझा इंदूरला कारकून, त्याला सनईचं कोणतं टोक तोंडात घालायचं हेही धड माहीत नाही. म्हणजे आमच्या घराची सनई माझ्याच तोंडात संपणार, हे ठरलेलंच होतं. पण ती अशी बोळक्या तोंडात, फुर्र करून संपावी आणि टेकडीवर तो थोरल्या पातीचा गाल फुगवून बसावा, ह्या विचाराने मला जेवण जाईना. तसंही ते जात नव्हतंच.

ही म्हणाली, "धारला लेकीकडे जा. तिथे दातांचा डॉक्टर आलाय म्हणते. कवळी करून घ्या आणि या."

धारला आमची मुलगी दिली होती. मी इंदूरला मोटार बदलून धारच्या मोटारीत बसलो. शेजारी सरदारपूरचा एक शेतकरी, मांडीवर बकरी घेऊन. त्याने माझ्या तोंडात वाकून पाहिलं. "कई दादा, सगला गया?" मी मान हलवली. "दाळ खाजो, दादा, दाळ," तो म्हणाला आणि उतरेपर्यंत माझ्याकडे अशा मायेने बघत राहिला की बकरीला माझा हेवा वाटला असावा.

धार मला नेहमीच आवडलं. ऐसपैस गाव, तलाव, किल्ला, आणि एकच राज्य. पण एकच राज्य असल्यामुळे तिथल्या सनईवाल्याला शिव्या घालायला समोर कुणी नव्हतं. बिचारा वैतागून लवकर गेला.

डॉक्टरच्या दुकानावर एक हसणारा जबडा रंगवला होता, बाकीचा माणूस नव्हता. डॉक्टरने माझ्या तोंडात मेण घातलं आणि विचारलं, "सुपारी खाता का?" मी म्हटलं, "सनई वाजवतो." तो म्हणाला, "मी दात चावण्यासाठी करतो हो. फुंकण्यासाठी कुणी मागितले नव्हते." तरी त्याने केले. बसवले तेव्हा मी आरशात पाहिलं तर आत एक घोडा होता, ओळखीचा वाटणारा. मुलीने "बाबा, तरुण दिसता" असं म्हटलं आणि तोंड पदरात घालून स्वयंपाकघरात गेली.

घरात वाजवून पाहायला लाज वाटली म्हणून सकाळी सनई घेऊन मी मुंज तलावाच्या काठी गेलो. बायका धुणी धूत होत्या, पाण्यात म्हशी बसल्या होत्या. दगडावर बसलो, पत्ती ओली केली आणि सुरुवात केली. पहिला षड्ज लागला! नव्या दातांवर, इतक्या दिवसांनी, स्वच्छ. म्हशींनी मान वळवली. मी रिषभाकडे गेलो तशी कवळी हलली. गंधारावर ती वर गेली आणि मध्यमावर ती टाळूपासून सुटून सनईच्या मागे लागली. मी सनई तोंडातून काढली आणि त्या डॉक्टरला एक सणसणीत शिवी दिली. शिवी आणि कवळी एकदमच बाहेर पडल्या. शिवी हवेत विरली. कवळी पाण्यात गेली.

जावयाने एका भोयाला पाण्यात उतरवलं. त्याला एक तांब्या सापडला, एक वहाण सापडली, दात सापडले नाहीत. धुणं धुणारी एक बाई म्हणाली, म्हशीने गिळले असतील. ते मला खरं वाटत नाही, पण तिथून निघेपर्यंत लेकीकडे आलेलं दूध मी चहात घालून घेतलं नाही.

सप्तमीला मी देवासला परत आलो, गेलो होतो तसाच. दुसरी कवळी करायला वेळ नव्हता आणि उमेदही नव्हती. ओट्यावर बसून उद्या तहसीलदारांना काय सांगायचं याचा विचार करत होतो, तोच समोरच्या कडेवरून तो उतरला, रस्ता ओलांडला आणि सरळ आमच्या ओट्याच्या पायऱ्या चढू लागला. मी घाईने उपरणं तोंडाला लावलं. थोरली पाती आमच्या ओट्यावर! हाताशी काठी असती तर मी उचलली असती की बसायला पाट दिला असता, सांगता येत नाही.

पण मला दोन्ही करावं लागलं नाही, कारण वर येऊन तो इतक्या धापा टाकत होता की आधी हिने पाणी आणलं. छाती भात्यासारखी चालली होती. पाणी प्यायला, परत धापा टाकल्या आणि मग म्हणाला, "धाकटी पाती." नावाने हाक मारायची तर अहो म्हणायचं की अरे, हे ठरलेलं नव्हतं, म्हणून त्याने राज्याच्या नावाने हाक मारली. मला ते आवडलं.

"काय, थोरली पाती?" मी उपरण्यातून म्हणालो.

"सूर धरायला भाऊ मिळेल का? दसऱ्यापुरता."

हे समजायला सूर म्हणजे काय ते सांगतो. सनई एकट्याने शोभत नाही. शेजारी दुसरा एक बसतो, त्याच्या हातात सनईसारखंच दिसणारं वाद्य असतं, त्यालाच सूर म्हणतात. त्यावर राग नाही, तान नाही, बोटं नाचवणं नाही. एकच षड्ज धरायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडायचा नाही. गालात वारा साठवायचा, नाकाने श्वास घ्यायचा, पण आवाज तुटू द्यायचा नाही. सनईवाला मधे श्वासाला थांबला तर ती फट सूर भरून काढतो. लोक मान डोलवतात सनईवाल्याकडे बघून. सुरवाल्याकडे कुणी बघत नाही. आमच्या घराण्यात ज्याच्याकडून दुसरं काही होणार नाही त्याच्या हातात सूर देत. मला मिसरूड फुटल्यावर मी तो पुन्हा हातात धरला नव्हता; माझ्यामागे माझा भाऊ तो धरी आणि त्याच्यामागे त्याचा भाचा.

"भाऊ बँडवाल्यांत गेला," मी म्हटलं. "लाल कोट घालतो. आणि तुझा भाचा?"

"इंदूरला मिलमध्ये लागला." पुन्हा धाप. "छातीत दम राहिला नाही रे. बोटं चालतात, पण चार स्वर झाले की थांबावं लागतं. मागे पक्का सूर असला तर निभेल. नसला तर सगळी लक्तरं दिसतात."

म्हणजे तोही गेलेलाच होता! मला इतका आनंद झाला की उपरणं हातातून सुटलं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सगळे?" त्याने विचारलं.

"पुढचे."

"धारला गेला होतास ना दातांना?"

"म्हशीने खाल्ले," मी म्हटलं. त्याला काय समजायचं ते समजो.

इतका वेळ दाराआड उभी असलेली ही बाहेर आली आणि म्हणाली, "ह्यांच्याकडे दम आहे, दात नाहीत. तुमच्याकडे दात आहेत, दम नाही. दोघं मिळून एक माणूस व्हा की."

मग मला संताप आला. मी सूर धरू? आणि याच्यामागे? माझे वडील वरून काय म्हणतील? धाकट्या पातीने थोरल्या पातीच्या मागे नुसतं हूं करत बसायचं, आणि तेही दोन्ही देव्यांच्या देखत! मी तसं बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं, काठी उचलली आणि म्हणाला, "मग भोंगा लावतील."

"लावू देत."

तो रस्ता ओलांडून गेला. त्या संध्याकाळी हिने मला भाजून भाजून कडक केलेली भाकरी वाढली.

अष्टमीला सकाळी सकाळी जाग आली ती टेकडीवरून येणाऱ्या आवाजाने. "हालो, हालो. एक, दो, तीन. हालो." मग खरखर, मग पुन्हा एक, दो, तीन. आधीच कुणीतरी भोंगा आणून झाडाला बांधला होता आणि त्याची परीक्षा घेत होतं. मी अंगणात उभा राहून ऐकत होतो. ज्या देव्यांपुढे आमच्या पिढ्यांनी भैरव वाजवला त्यांना कोणीतरी पहाटे पहाटे बाराखडीच्याही आधीचं शिकवत होतं. त्यानंतर एक सिनेमाचं गाणं सुरू झालं आणि मधेच चिरकलं. चिरकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. दात नसताना मी जो आवाज काढत होतो तोसुद्धा ह्याच्याहून बरा होता.

भावाचा सूर पेटीत तळाशी पडला होता. काढला, पुसला, पत्ती ओली केली आणि हिरड्यांत धरली. ओठांना मागे भिंत नव्हती, पण सुराला ओठ हलवायचेच नसतात, नुसतं गच्च धरायचं. फुंकर घातली. आला. म्हशीसारखा आला, पण आला, आणि एकदा आल्यावर सरळ उभा राहिला. मी गालांत वारा घेऊन नाकाने श्वास ओढला, सूर तुटला नाही. छाती माझी अजून दरवाज्यावरच्या दिवसांचीच होती. आतून हिने "बैल आलाय का" असं विचारलं नाही, तेव्हाच मी समजलो.

मग मी रस्ता ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दारात गेलो. तो खाटेवर बसून चाकूने पत्त्या कापत होता. मी म्हटलं, "स्वर दे." त्याने वर पाहिलं नाही, प्रश्न विचारला नाही, सनई उचलून षड्ज लावला. मी त्यात माझा मिळवला. दोन्ही स्वर एकमेकांत बसायला वेळ लागला, कारण आयुष्यभर आम्ही मुद्दाम थोडे वेगवेगळे लावत आलो होतो.

तहसीलदारसाहेब खूश झाले. "दोनों मिल के? वाह!" देश एक केल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसलं. भोंगा त्यांनी काढला नाही, पण आमचं वाजवणं होईपर्यंत बंद ठेवायला सांगितला.

दसऱ्याच्या सकाळी टेकडी चढताना आम्हाला इतका वेळ लागला की खालचा चहावाला दुकान लावून आमच्या पुढे वर पोचला. थोरल्या पातीला धाप लागली की तो थांबायचा. मी थांबायचो आणि मला गुडघे दुखतात असं सांगायचो, म्हणजे त्याला वाईट वाटू नये. गुडघे खरंच दुखत होते, पण ते सांगायची मला एरवी सवय नाही.

दोन्ही देवळांच्या मधल्या जागेत बसलो. एकीकडे थोरली, एकीकडे धाकटी, दोघींना सारखंच ऐकू जाईल असं. दोन्ही पात्यांचा मिळून चौघडेवाला एकच उरला होता, तो बसला. मी सूर धरला. त्याने भैरव सुरू केला.

त्याला मी सगळं आयुष्य रस्त्यापलीकडून ऐकलं होतं, चुका मोजत. शेजारी बसून कधी ऐकलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, लुच्चा फार चांगलं वाजवत होता. चार स्वर घेतले की थांबे, पण थांबे तिथे माझा सूर होता, आणि लोकांना वाटे तो मुद्दाम थांबतोय. एका बाईने डोळे पुसले. मी मनात म्हटलं, बाई, ज्या जागेवर रडताय ती माझी आहे, त्याने तिथे काहीच वाजवलेलं नाही.

आणि मग माझी पत्ती फाटली. हिरड्यांनी दाबून दाबून तिचे दोन भाग झाले, आणि सूर फस्सकन गेला. सनई एकटी पडली, उघडीवाघडी. त्याने लगेच वाजवणं थांबवलं आणि चौघडेवाल्याला मानेने खूण केली, तसा त्याने चौघडा घुमवत ठेवला. आमच्या सनईला दोऱ्याने जास्तीच्या पत्त्या लटकत ठेवलेल्या असतात. थोरल्या पातीने आपल्या सनईची त्यातली एक तोडली, आपल्या तोंडात घातली, चोखून ओली केली आणि माझ्यापुढे धरली.

आमच्यात कुणी कुणाला आपली पत्ती देत नाही. बाप मुलाला देतो, तीही कोरडी. ही त्याच्या थुंकीने चमकत होती. कोरडी पत्ती ओली व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ नव्हता, हे त्यालाही समजत होतं आणि मलाही. दोन्ही देव्या पाठ फिरवून बसल्या होत्या, ते एक बरं होतं. मी थोरल्या पातीची उष्टी पत्ती सुरावर बसवली, तोंडात धरली आणि फुंकर घातली. सूर आला. माझ्या पत्तीवर येत होता त्याहून गोल आला. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मग त्याने ते केलं.

माझ्या वडिलांची भैरवातली एक जागा होती. रिषभावर झोके घेत घेत षड्जापर्यंत यायचं आणि टेकायचं नाही, पुन्हा वर फिरायचं. दारापर्यंत येऊन कुणीतरी आत न येता परत जावं तसं. दोनदा असं करायचं आणि मग तिसऱ्यांदा टेकायचं. वडिलांनी ती मला दिली, मी ती आमच्या दरवाज्यावर रोज वाजवली. तिला घरचं धन समजून मी भावालासुद्धा नीट शिकवली नव्हती. दात गेले तेव्हा मला सगळ्यात जास्त दुःख झालं ते हेच, की आता ती जागा संपली, माझ्यानंतर कुणाकडे नाही.

ती त्याने वाजवली. रिषभावर झोके, षड्जापर्यंत येणं, परत फिरणं, सगळं जसंच्या तसं. मला "चोर!" असं ओरडायचं होतं. पण तोंडात त्याचीच पत्ती होती आणि सूर सोडता येत नव्हता. दुसऱ्यांदा तो परत फिरला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तेही पुसता येईना, कारण पत्ती हिरड्यांत टिकावी म्हणून सूर दोन्ही हातांनी तोंडाशी दाबून धरावा लागत होता. तिसऱ्यांदा तो टेकला तो थेट माझ्या सुरावर. मी जन्मभर ती जागा वाजवली, पण ती ऐकली त्या दिवशी. वडील गेल्यानंतर पहिल्यांदा.

वाजवून झाल्यावर मागे भोंगा सुरू झाला आणि लोक तिकडे वळले. आम्ही हळूहळू उतरू लागलो. अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, "ती जागा आमच्या वडिलांची."

"माहीत आहे," तो म्हणाला. "रोज पहाटे ऐकायचो. तुझी ती जागा येईपर्यंत मी आमच्या बाजूला मुद्दाम हळू वाजवायचो." मग थोड्या धापा टाकून म्हणाला, "घाईत वाजवायचास. पण चांगली वाजवायचास."

पायथ्याशी आपट्याची पानं विकत होते. त्याने एक पान घेतलं, माझ्या हातात ठेवलं आणि खाली वाकायला लागला. त्याची धाप बघून मी त्याचा दंड धरला. कुणी कुणाच्या पाया पडायचं ते त्या दिवशीही राहिलंच.

घरी आलो तर ही दारात उभी होती. टेकडीवर ती आली नव्हती, मला सूर धरताना बघवणार नाही म्हणाली होती.

"कसं झालं?" तिने विचारलं.

"माझं फार छान झालं," मी म्हटलं. "वाजवलं त्याने."